मठारकामाचा छंद

दिल्लीतील सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कोणत्याही मराठी कुटुंबाने आपल्या घरातील माळा एकदा धुंडाळून पाहावा. बदलीच्या प्रत्येक गावी बरोबर फिरलेले, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले एखादे तांब्याचे घंगाळ, तपेले किंवा बूड चेपलेला तांब्या तेथे बहुधा सापडतोच. ते वापरात नसते. पण मोडीत घालण्याचे धैर्यही कोणाला झालेले नसते. ते भांडे उजेडात आणावे, चिंच आणि मीठ लावून घासावे व खिडकीशी तिरपे धरून पाहावे. त्याच्या अंगावर एकाशेजारी एक, किंचित एकमेकांवर चढलेले, नखाएवढे शेकडो चकचकीत ठोके दिसतील. बुडापासून निघून ते ओळीने फिरत फिरत गळ्यापर्यंत गेलेले असतात. या कामाला मठारकाम म्हणतात. ते स्वतःच्या हाताने, आणि तेही घरच्या घरी, करून पाहावे असे या लेखात सुचवावयाचे आहे.

हे वाचून पुष्कळांच्या मनात शंका येईल. दिवसभर फायली हाताळणाऱ्या मनुष्याने, किंवा घर आणि नोकरी असा दुहेरी भार वाहणाऱ्या गृहिणीने हातोडी का उचलावी? भांडे हवे असेल तर बाजार काही दूर नाही. शंका रास्त आहे. पण तांबटाखेरीज इतरांनी या विद्येत लक्ष घालणे ही काही आजची लहर नव्हे.

इ. स. ११३० च्या सुमारास कल्याणी येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा विशाल संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने जाणावयाच्या विषयांत त्याने राज्यकारभार, पाकक्रिया, संगीत यांच्याबरोबर मेणाचा साचा करून धातूची मूर्ती ओतण्याची रीतही नमूद केली आहे. साधारण त्याच दशकांत युरोपात थिओफिलस हे नाव धारण केलेल्या एका ख्रिस्ती साधूने रंग, काच आणि धातू यांवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातील धातूचा भाग सर्वांत मोठा आहे. कार्यशाळा कशी बांधावी येथपासून चांदीचा पेला ठोकून कसा उभा करावा येथपर्यंत सर्व काही त्यात क्रमाने येते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. परंतु धातू ठोकणे आणि ओतणे हे लिहून ठेवण्याजोगे ज्ञान आहे, असे राजाला वाटले आणि साधूलाही वाटले.

पुढे यंत्रयुग आले, आणि इंग्लंडातील काही विचारवंत या मध्ययुगीन कारागिरीकडे ओढीने पाहू लागले. १८८४ साली केसविक या डोंगराळ गावी कॅनन रॉन्सली आणि त्यांच्या पत्नी ईडिथ यांनी गावकऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग उघडला. त्यात धातूच्या पत्र्यावर ठोकून उठाव काढण्याचे काम शिकवीत. त्या वर्गाची पुढे शाळा झाली आणि ती थेट १९८४ पर्यंत, म्हणजे पूर्ण शंभर वर्षे चालली. १८९० च्या सुमारास न्यूलिन या समुद्रकाठच्या गावी जॉन मॅकेंझी नावाच्या चित्रकाराने कोळ्यांना हेच काम शिकवले. समुद्र खवळला की होड्या काठावर आणि माणसे रिकामी; त्या रिकाम्या दिवसांत हे कोळी तांब्याच्या तबकांवर मासे, खेकडे आणि होड्या उठवू लागले. आज त्या तबकांना संग्राहक मोठ्या किमती देतात. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, त्यामागेही हाताला काम देऊन बुद्धीला जागे करण्याचाच विचार होता.

या चळवळीचा एक धागा भारतीयांशी जोडलेला आहे. चार्ल्स ॲशबी याने १८८८ साली लंडनच्या गरीब वस्तीत कारागिरांचा एक संघ स्थापिला व १९०२ साली तो चिपिंग कॅम्डन या खेड्यात नेला. त्याच्या शेजारीच आनंद कुमारस्वामी येऊन राहिले. सिंहली मध्ययुगीन कलेवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०८ साली तेथेच छापला गेला, आणि पुढील वर्षी भारतीय कारागिरावर त्यांनी जे छोटे पुस्तक लिहिले त्याला ॲशबीची प्रस्तावना लाभली. हिंदुस्थानातील कारागीर ज्या वेळी विलायती मालाखाली दबत होता, त्या वेळी इंग्लंडातील एका खेड्यात त्याच्या जीवनपद्धतीचा आदराने अभ्यास चालू होता, हा विरोधाभास नमूद करण्याजोगा आहे. ॲशबीचा संघ मात्र टिकला नाही. त्याची जी कारणे त्याने सांगितली, त्यांतील एक हौशी मंडळींना थेट लागू पडते. त्याकडे पुढे वळूच.

कोणता धातू निवडावा?

मध्ययुगीन धातुकामाचे आपल्या देशात इतके प्रकार आहेत की नवख्याचा गोंधळ उडावा. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही विजापूरची प्रचंड तोफ आहे, आणि हातात मावणारे, काळ्या अंगावर चांदीची वेलबुट्टी असलेले बिदरी कामही आहे. हे काम बहामनी काळात बिदरला भरभराटीस आले व पुढे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातही रुजले. ते पाहून मोह पडतो. पण बिदरीची मिश्रधातू मुख्यतः जस्ताची असते. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, त्याचा पांढरा धूर श्वासावाटे आत गेला की हुडहुडी भरून ताप येतो. घराच्या बाल्कनीत हा प्रयोग करू नये. बस्तरचे ढोकरा काम मेणाच्या साच्यात ओतून होते. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच रीतीने घडली असून ती जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात आपणांस पाहता येईल. तेथेही वितळलेल्या पितळेशी गाठ असते व पितळेत जस्त असतेच. राहिले लोखंड. लक्ष्मीबाई नगराजवळून जाणारा अरविंद मार्ग सरळ दक्षिणेस कुतुबमिनाराकडे जातो. तेथील सुमारे सहा टनांचा, सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ लोखंडाचे तापलेले गोळे एकमेकांवर ठोकून जोडलेला आहे. त्यातील स्फुरदाच्या अधिक प्रमाणामुळे त्यावर संरक्षक थर बनतो आणि तो गंजत नाही. पाहून मान लवावी असा तो आहे. पण लोखंडाला भट्टी आणि भाता लागतो.

तांब्याचे तसे नाही. तांबे थंड असतानाच ठोकता येते. वितळवण्याचा प्रश्न येत नाही, विषारी धूर नाही, आणि चुकलेले काम पुन्हा सरळ करता येते. म्हणून हौशी मनुष्याने तांब्यापासूनच आरंभ करावा. (ज्या राणीचे नाव आपल्या वसाहतीला दिले आहे, तिचे माहेरचे आडनाव तांबे होते, हा अर्थात निव्वळ योगायोग!)

वाटी कशी घडते?

पहिला प्रयत्न लहानशा वाटीचा असावा. दिल्लीत चावडी बाजारात तांब्याचा पत्रा मिळतो. बावीस गेजचा, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा. कंपासने पंधरा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून पत्रा कापण्याच्या कात्रीने ते कापावे आणि कडा कानशीने घासून घ्याव्यात, कारण कापलेला पत्रा बोटाला सुरीसारखा लागतो. अवजारांत गोल तोंडाची एक हातोडी, सपाट गुळगुळीत तोंडाची दुसरी, एक लाकडी मोगरी, सांडशी आणि लाकडाचा एक जड ओंडका एवढे पुरे. ओंडक्याच्या माथ्यावर सुताराकडून उथळ खळगा कोरून घ्यावा.

आता पत्र्याला ताव द्यावयाचा. कोळशाच्या शेगडीवर, मोकळ्या हवेत, शक्यतो संधिप्रकाशात हे करावे, म्हणजे रंग नीट दिसतो. पत्रा मंद लाल झाला की सांडशीने उचलून पाण्यात सोडावा. तांबे वितळण्यास १०८५ अंश लागतात; हा मंद लाल रंग सहाशेच्या आसपास येतो, म्हणून भीतीचे कारण नाही. लोखंडाची कामे पाहिलेल्यांना येथे आश्चर्य वाटेल. तापवलेले पोलाद पाण्यात विझवले की कठीण होते. तांबे मात्र नरमच राहते, इतके की पातळ पत्रा बोटांनी वाकावा. वरची काळी खपली चिंचेच्या कोळात मीठ घालून घासल्यावर जाते, आणि खालून जो गुलाबी रंग निघतो तो पाहण्यासाठीच काहीजण हे काम पुन्हा पुन्हा करतात असे वाटते.

पत्र्यावर पेन्सिलीने एकात एक वर्तुळे आखून तो खळग्यावर धरावा, आणि गोल तोंडाच्या हातोडीने बाहेरच्या वर्तुळापासून आत मध्यापर्यंत ठोके घालीत यावे. डाव्या हाताने पत्रा फिरत राहावा, उजवा हात एकाच जागी पडावा. काठाला चुण्या पडू लागतील. त्या मोगरीने लगेच बसवाव्यात. चुणी एकदा दुमडली की तेथे पत्रा पुढे फाटतो. एक फेरी संपता संपता आपल्या कानाला फरक जाणवेल. आरंभी जो आवाज बद्द येत होता तो आता टणटणीत येऊ लागला आहे. धातू आपल्याशी बोलतो, असे म्हणावे तर ते येथे. ठोक्यांमुळे धातूच्या कणांची आतील रचना विस्कटून एकमेकांत अडकते व तांबे कठीण होते. आणखी ठोकल्यास तडकेल. पुन्हा ताव, पुन्हा पाणी, पुन्हा चिंच. साध्या वाटीलाही अशा चार-पाच फेऱ्या लागतात.

आकार मनाजोगा आला की खरे मठारणे सुरू होते. ओंडक्यात घट्ट रोवलेल्या, गोल गुळगुळीत डोक्याच्या लोखंडी खुंट्यावर वाटी पालथी धरावी आणि सपाट तोंडाच्या हातोडीने बुडाच्या मध्यापासून फेर धरीत काठाकडे यावे. हातोडीचे तोंड आरशासारखे असले पाहिजे, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर उमटतो. ठोका जोराचा नको, नेमका हवा. खाली खुंटा आणि वर हातोडी यांच्यामध्ये धातू क्षणभर दाबला जातो, तेवढीच जागा सपाट होऊन चमकते. या शेवटच्या ठोक्यांनंतर ताव द्यावयाचा नाही. त्यांनी आलेला कठीणपणा भांड्यात राहू द्यावयाचा. मठारलेले पातळ भांडे चेपत नाही त्याचे रहस्य हेच. म्हणजे ज्याला आपण नक्षी समजतो ती मुळात मजबुती आहे. इंग्रजी हस्तपुस्तकांत या साऱ्या क्रियांना निरनिराळी नावे आहेत. त्यांतील शेवटच्या क्रियेला ‘प्लॅनिशिंग’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने त्यासाठी जडजंबाल संस्कृत शब्द घडवण्याचे कारण नाही. तांबटांनी तो शब्द केव्हाच दिलेला आहे.

दोन सूचना देणे अगत्याचे आहे. सरकारी घरांच्या भिंती पातळ असतात. ओंडक्याखाली गोणपाटाच्या चार घड्या घालाव्यात, कानांत बोळे असावेत, आणि रविवारी सकाळी दहा ते बारा ही वेळ शेजाऱ्यांच्या संमतीने ठरवून घ्यावी. जन्मभर हे काम करणाऱ्या तांबटाचे कान त्याच्या आवाजाने कायमचे मंद होतात हे येथेच सांगून ठेवले पाहिजे. दुसरी सूचना स्वयंपाकघराची. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो असे आंबट काही ठेवू नये; तांबे त्यात विरघळते आणि उलट्या होतात. आपली वाटी फुलांसाठी, टाचण्यांसाठी, देवघरातील अक्षतांसाठी वापरावी. स्वयंपाकासाठीच हवी असेल तर कल्हईवाल्याचा शोध घ्यावा. भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, २३२ अंशांनाच वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने तो आतून कसा फिरवतो ते मुलांना अवश्य दाखवावे. मात्र नवसागराच्या धुरापासून त्यांना दूर उभे करावे.

वजन आणि मजुरी

आता ‘हातोडी का उचलावी’ या शंकेकडे वळता येईल. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. एके काळी ही आळी पत्ता न विचारता सापडे. कानाच्या दिशेने चालत गेले की झाले. बंब, हंडे, घंगाळी, पूजेची उपकरणी येथून घरोघर जात. पुढे ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, न्हाणीघरात विजेचा गीझर बसला आणि बंबाची गरज संपली. हे बदल कोणाच्या दुष्टाव्याने झाले नाहीत. स्टीलचे भांडे स्वस्त, हलके, कल्हईची कटकट नसलेले. आपल्या आयांनी ते आनंदाने घेतले आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. पण आळीतील मुले दुसरे व्यवसाय शोधू लागली. पंजाबात अमृतसरजवळ जंडियाला गुरू येथे ठठेरे हेच काम करतात. त्यांच्या पितळ-तांब्याच्या कारागिरीचा युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. मान मिळाला हे उत्तमच. परंतु यादीत नाव आल्याने बाजारभाव ठरत नाही.

बाजारभाव ठरतो तो वजनावर. तांब्याचे भांडे पूर्वापार तराजूत घालून विकले जाते. या रीतीत एक अन्याय दडलेला आहे आणि तो केवळ पाहून कळत नाही. कुशल तांबट तोच पत्रा अधिक ठोकून, अधिक पातळ व तरीही अधिक कणखर भांडे घडवतो. म्हणजे श्रम वाढले, कौशल्य वाढले, आणि वजन घटले! जाड पत्रा वाकवून केलेले ओबडधोबड भांडे तराजूवर त्याच्यापेक्षा महाग ठरते. हातोडीचे हजार ठोके कोणत्याही तराजूत चढत नाहीत. ज्याने स्वतः एक वाटी घडवण्यात दोन रविवार घालवले आहेत, ज्याच्या मनगटाला सोमवारी लेखणी धरताना कळ लागली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

अशा हाताला आणखी एक गोष्ट कळू लागते. हल्ली यंत्राने दाबून ठोक्यांचा आभास निर्माण केलेल्या तांब्याच्या बाटल्या आणि पेले सर्वत्र मिळतात. आपल्या वसाहतीपासून पायी जाता येईल अशा अंतरावर १९९४ साली सुरू झालेली दिल्ली हाट आहे. तेथे प्रांतोप्रांतीचे कारागीर आळीपाळीने येतात आणि व्यापारीही येतात. भांडे हातात घेऊन आतून बोट फिरवावे. यंत्राने दाबलेल्या खळग्याला आतल्या बाजूस बहुधा तेवढाच उंचवटा असतो, आणि सगळे खळगे एका मापाचे, एकमेकांना न शिवणारे असतात. खुंट्यावर मठारलेले भांडे आतून जवळपास गुळगुळीत लागते. बाहेरचे ठोके एकमेकांवर थोडे थोडे चढलेले असतात, आणि कोठेतरी ओळ हलकेच वाकलेली दिसते. यंत्राचे भांडे घेऊ नये असे नाही. ते हाताचे म्हणून, हाताच्या किमतीला घेऊ नये.

ॲशबीची जी तक्रार वर राहिली होती ती येथे सांगतो. त्याचा संघ बुडत असता त्याने लिहिले की एकीकडे यंत्रावर केलेला नकली मध्ययुगीन माल आहे, आणि दुसरीकडे फावल्या वेळात काम करणाऱ्या सुखवस्तू घरांतील हौशी स्त्रिया आहेत. त्यांना पोट भरावयाचे नसल्याने त्या आपल्या वस्तू सामानाच्या किमतीत विकतात आणि ज्याचे घर त्या कामावर चालते त्याचा भाव पाडतात. स्त्रियांचेच नाव त्याने घ्यावे हे त्या काळाला धरून झाले. पण मुद्दा आजही तितकाच खरा आहे. पगार सुरक्षित असलेल्या आपणासारख्यांनी आपल्या वाट्या आप्तेष्टांना भेट द्याव्यात, संक्रांतीला वाण म्हणून लुटाव्यात, घरात मांडाव्यात. वसाहतीच्या आनंदमेळ्यात दीडशे रुपयांना विकण्यास मात्र बसू नये. विकावयाचेच झाले तर तांबट जो भाव सांगेल त्याच्या खाली उतरू नये.

आणि पुण्यास, नाशिकच्या भांडी बाजारात किंवा येथेच हाटेत एखादे मठारलेले भांडे पसंत पडले, तर ‘किलोला काय भाव?’ असे विचारण्याऐवजी तांब्याचे किती आणि मजुरीचे किती, हे वेगवेगळे विचारावे. प्रश्न थोडा अनपेक्षित असल्यामुळे दुकानदार कदाचित क्षणभर थांबेल. समोर बसलेला स्वतः घडवणारा असेल, तर तो भांडे उलटे करून किती फेऱ्या झाल्या आणि किती वेळा ताव दिला ते बोटाने दाखवू लागेल. त्या वेळी सौ-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करण्याची इच्छा आपोआप मावळते.